हरवलेली उत्तरे

दुप्पट कोनाची ज्या मूळ कोनाच्या ज्येएवढी असेल, तर एका पूर्ण आवर्तनात असे कोन कोणते? दुप्पट कोनाची ज्या म्हणजे मूळ कोनाच्या ज्या व कोज्या यांच्या गुणाकाराची दुप्पट, ही नित्यसमानता विद्यार्थ्यास पाठ असते. तेथवर सारे ठीक. मग तो घाईने दोन्ही बाजूंस ज्येने भागतो, कोज्या अर्धी येते, आणि ६० व ३०० अंश लिहून समाधानाने वही मिटतो. परंतु ज्या स्वतःच शून्य असू शकते, आणि शून्याने भागणे गणितास मंजूर नाही! त्या एका भागाकारात ० व १८० अंश ही दोन खरी उत्तरे गेली. सर्व पदे एका बाजूस आणून ज्या हा सामाईक अवयव काढला असता, तर चारही हाती आली असती. वर्ग केल्याने कधी खोटी उत्तरे शिरतात. ती मूळ समीकरणात ताडून पाहताच गळतात. हरवलेले उत्तर मात्र ताळा पाहूनही सापडत नाही.