किडे पडले म्हणून लाजू नका



आजचा विषय जेवणाच्या वेळी काढावा असा नाही. पण पावसाळा लागला की मेंढ्या-बकऱ्या पाळणाऱ्या बायांच्या घरी तो निघतोच. जनावराच्या जखमेत किडे पडणं, अळ्या होणं, त्याबद्दल मी बोलणार आहे.

मागच्या भादव्यात आमच्या एका गटातली वहिनी लागोपाठ दोन बैठकांना आली नाही. हप्ता मुलीच्या हातून पाठवला. तिसऱ्या आठवड्यात मी घरीच गेले. तिनं गटाच्या कर्जातून तीन मेंढ्या आणि एक मेंढा घेतला होता. कोठ्याच्या मागे, पोत्याच्या आडोशाला एक मेंढी बसून होती. जवळ जायच्या आधीच वास आला. शेपटीच्या बुडाशी लोकर ओली, काळपट झाली होती. लोकर बाजूला केली तर आत अळ्यांचा नुसता बुजबुजाट. मी म्हटलं, "वहिनी, काहून सांगितलं नाही?" ती म्हणाली, "लाज वाटली जी ताई मले. लोक म्हणतील, हिच्या घरी जनावराले किडे पडले."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, पण उशीर झाला होता. मेंढी गेली. वहिनीनं ती घाईघाईनं, कुणाला न सांगता पुरून टाकली. मेंढीचा विमा होता, कानात बिल्ला होता. पण कंपनीला कळवलं नाही, डॉक्टरांकडून शवविच्छेदन झालं नाही, त्यामुळे विम्याचे पैसेही गेले. कर्ज मात्र राहिलं.

मैत्रिणींनो, ती मेंढी माशीनं मारली हे खरं. पण माशीला तेवढा वेळ लाजेनं दिला. आपल्याकडे "किडे पडतील" हा शाप आहे. म्हणून जनावराला किडे पडले की आपल्याला वाटतं, आपलं काहीतरी पाप उघडं पडलं. तसं काही नाही. स्वच्छ कोठा ठेवणाऱ्या बाईच्या मेंढीलाही किडे पडतात. यात पाप नाही, फक्त माशी आहे. आणि माशीचं घड्याळ समजून घेतलं तर ती हरवता येते.

ते घड्याळ असं चालतं. हिरवट-निळी चमकणारी माशी तुम्ही पाहिली असेल. या माश्यांत एक जात अशी आहे की जी सडलेल्या मासावर नाही, तर जिवंत जनावराच्या ताज्या जखमेवर अंडी घालते. एक मादी एका वेळी शे-दोनशे अंडी घालते. जखमेच्या कडेला रव्याचे दाणे चिकटवल्यासारखा पांढरा पुंजका दिसतो. बारा ते चोवीस तासांत अंड्यांतून अळ्या निघतात. त्या डोकं आत खुपसून जिवंत मास खात खोल जातात. जखमेच्या वासानं आणखी माश्या येतात, आणखी अंडी घालतात. सहा-सात दिवसांत अळ्या पोसतात, खाली मातीत पडतात, तिथे कोष करतात. आपल्याकडच्या उबदार हवेत आठवडाभरात त्यातून नवी माशी निघते.

म्हणजे आज अंडी दिसली तर कापसानं पुसून काम भागतं. उद्या दिसली तर चिमटा घ्यावा लागतो. चार दिवसांनी दिसली तर डॉक्टर लागतो. आणि आठवडा गेला तर काय होतं ते मी आत्ताच सांगितलं.

म्हणून पहिलं काम, रोज हात फिरवणं. सकाळी कोठ्यातून सोडताना किंवा संध्याकाळी बांधताना प्रत्येक जनावराला एक-दोन मिनिटं द्या. बकरीच्या अंगावरची जखम दुरून दिसते. मेंढीची लोकरीत लपते, म्हणून मेंढीला डोळ्यांपेक्षा हातानं जास्त पाहायचं. कुठे पाहायचं? शेपटीखाली, कारण हगवण लागली की तिथली लोकर घाण होऊन ओली राहते. व्यालेल्या मेंढीचं मागचं अंग. नव्या कोकराची नाळ. शिंगांचं बूड, खुरांच्या फटी. गोचीड काढलेली जागा, कुत्र्यानं चावलेली जागा, काट्यानं फाटलेली जागा. लोकर कातरताना लागलेली कात्री. खच्ची केलेल्या मेंढ्याची जखम. आणि एक जागा आपण हमखास विसरतो, ती म्हणजे कान. बिल्ला मारला की कानाला भोक पडतं, ती जखमच असते. बिल्ला मारल्यापासून भोक पूर्ण वाळेपर्यंत कान रोज पाहा.

जनावर स्वतःही सांगत असतं. मेंढी कळपापासून बाजूला उभी राहते, पाय आपटते, शेपटी सारखी हलवते, मान वळवून मागचं अंग चावायला पाहते, चारा सोडते. लोकरीवर ओला काळपट डाग दिसतो, त्यातून रक्त मिसळलेलं पाणी येतं आणि वास येतो. यातलं एक जरी दिसलं तरी तिथेच थांबून लोकर बाजूला करून पाहा.

आता किडे दिसले तर काय करायचं ते सांगते. सावकाश ऐका.

मेंढी सावलीत घ्या, दुसऱ्या बाईला धरायला सांगा. हातात मोजे घाला. मोजे नसतील तर प्लास्टिकची स्वच्छ पिशवी हाताला गुंडाळा. आपल्या हाताला चीर असेल तर हे काम दुसरीला द्या. जखमेभोवतीची लोकर दोन-तीन बोटं रुंद कातरून काढा, म्हणजे जखम किती मोठी आहे ते कळेल. लोकरीखाली रांगत गेलेल्या अळ्याही दिसतील.

मग टर्पेंटाईन तेलात भिजवलेला गॉजचा तुकडा जखमेच्या तोंडावर काही मिनिटं ठेवा. अळ्यांना श्वास मिळत नाही, त्या वर येतात. तेल थोडंच घ्या, ते झोंबतं. डोळा, कानाच्या आतली बाजू, तोंड, कास आणि मायांग इथे टर्पेंटाईन लावायचं नाही, तिथे थेट डॉक्टर. वर आलेल्या अळ्या चिमट्यानं एकेक काढा. ओढताना तोडू नका, अर्धी आत राहिली तर जखम चिघळते.

काढलेली अळी कुठे टाकता, ते फार महत्त्वाचं आहे. आपण ती जमिनीवर झटकतो, पायानं माती लोटतो आणि म्हणतो, झालं. नाही झालं. पोसलेल्या अळीला मातीच हवी असते. तुम्ही तिला तिच्या घरी पोचवलं. आठवडाभरात ती माशी होऊन त्याच कोठ्यात येईल. म्हणून अळ्या एका डब्यात गोळा करा आणि वरून उकळतं पाणी ओता. कातरलेली घाण लोकर जाळून टाका.

अळ्या निघाल्या की जखम धुवा. एक लिटर पाण्यात चिमूटभर लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. पाणी फिकट गुलाबी दिसलं पाहिजे. जांभळं झालं तर ते जाळतं, पाणी वाढवा. जखम कोरडी करून पोव्हिडोन आयोडीन लावा. जखमेच्या कडेनं माशी न बसू देणारं मलम लावा, दवाखान्यात मिळतं. ते नसेल तर कडुनिंबाचं किंवा करंजीचं तेल कडेकडेनं लावा.

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. खोल गेलेल्या अळ्या पहिल्या दिवशी सगळ्या निघत नाहीत. "काल काढले ना किडे" म्हणून सोडलेल्या जखमेतच पुन्हा किडे होतात.

जखम खोल असेल, मेंढी खात नसेल, अंग तापलं असेल, तर घरी प्रयोग करू नका. डॉक्टर जंतुसंसर्गासाठी आणि वेदनेसाठी इंजेक्शन देतात. अळ्यांसाठी आयव्हरमेक्टिन नावाचं इंजेक्शनही देतात. ते जनावराच्या वजनावर ठरतं, आपल्या मनानं द्यायचं नाही. इंजेक्शन दिल्यावर किती दिवस दूध आणि मटण वापरायचं नाही, हे डॉक्टरांना विचारूनच घ्या. पशुवैद्यकीय सेवेसाठी 1962 हा नंबर आहे, तो घरातल्या प्रत्येक फोनमध्ये टाकून ठेवा. नागपूरच्या जवळ असाल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जनावर दाखवता येतं.

आता काय करायचं नाही ते. घट्ट फिनाईल जखमेत ओतू नका. किडे मरतात, पण मासही जळतं आणि मेंढी ते चाटते. पेट्रोल नको. जुन्या बॅटरीतली काळी पावडर नको. आणि शेतात फवारायचं किंवा पेरायचं कीटकनाशक तर मुळीच नको. ते जखमेतून थेट रक्तात जातं. मेंढीच्या तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं आणि किड्यांच्या आधी मेंढी मरते. आपल्या हातालाही ते विष लागतं.

सीताफळाच्या पाल्याबद्दल बाया नेहमी विचारतात. आपल्या आज्या जखमेवर पाला वाटून बांधायच्या, आणि गावोगाव अजून बांधतात. डॉक्टर येईपर्यंत लहान जखमेवर तो बांधायला हरकत नाही. पण सीताफळाच्या बियांची भुकटी वापरू नका. ती डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते, जनावराच्याही आणि आपल्याही.

तुम्ही म्हणाल, माश्या तर देवानं केल्या, त्या काय संपणार? तर एक खरी गोष्ट सांगते. अमेरिका खंडात आपल्या या माशीची चुलतबहीण शोभेल अशी एक माशी आहे. तीही जिवंत जखमेत अंडी घालते. तिथल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की तिची मादी आयुष्यात एकदाच नराशी जुगते. त्यांनी कारखान्यात माश्या वाढवल्या, किरणं देऊन नरांना वांझ केलं आणि 1954 साली कुरासाव नावाच्या बेटावर विमानातून सोडलं. त्या बेटावर बकऱ्या पुष्कळ. मादीनं वांझ नराशी जुगल्यावर अंडी घातली, पण ती फुटेनात. काही महिन्यांत बेटावरची ती माशी संपली. आपल्याकडे विमान नाही. पण त्यांनी केलं ते एवढंच, की माशीचा फेरा एका जागी तोडला. आपण तो दोन जागी तोडू शकतो, अंडी पहिल्या दिवशी पुसून आणि अळी मातीत न टाकून.

माशी येऊच नये म्हणून थोडं कोठ्याबद्दल. मी नागपुरात लकडगंजला राहते. आमच्याकडे लाकडाचा बाजार आहे, आरा मशिनी आहेत. आसपासच्या गावांतल्या बाया तिथून पोत्यानं लाकडाचा भुसा नेतात आणि कोठ्यात अंथरतात. भुसा चांगला, मूत शोषून घेतो. पण जाडसर घ्या, पिठासारखा बारीक नको, तो नाकात आणि जखमेत जातो. आणि ओला झाला की त्याच दिवशी काढा. ओला भुसा आणि लेंड्या साचल्या की माश्यांना आपणच आमंत्रण दिल्यासारखं होतं. खत कोठ्यापासून दूर टाका. पावसाळ्याच्या आधी लोकर कातरून घ्या, निदान शेपटीभोवतीची आणि मांड्यांच्या मागची तरी. कातरताना लागलं तर लगेच आयोडीन लावा. कोकराची नाळ जन्मल्या जन्मल्या आयोडीनमध्ये बुडवा. हगवण लागली तर नुसती शेपटी धुऊ नका, जंताचं औषध द्यायचं का ते डॉक्टरांना विचारा. खच्ची करायचं काम जमेल तर थंडीत ठेवा.

शेवटी आपल्या गटाबद्दल. वहिनीची मेंढी गेल्यावर आम्ही गटात दोन गोष्टी ठरवल्या. एक, गटाच्या पैशातून एक डबा केला. त्यात कात्री, चिमटा, मोजे, गॉज, टर्पेंटाईन, लाल दवा, आयोडीन आणि मलम. डबा पशुसखीच्या घरी असतो, जिला लागेल तिनं रात्री-बेरात्री दार वाजवायचं. दोन, बैठकीत हप्ता लिहून झाला की प्रत्येकीला विचारायचं, "कोणाच्या जनावराला जखम आहे?" जिनं हात वर केला तिला कोणी हसायचं नाही. आणि जनावर दगावलंच, तर पुरण्याआधी डॉक्टरांना आणि विमा कंपनीला फोन करायचा, कानातला बिल्ला काढायचा नाही.

यंदा आषाढात पहिला हात वहिनीनंच वर केला. मेंढ्याच्या कानाला, बिल्ल्याच्या भोकाशी तिला सकाळी पांढरा पुंजका दिसला होता. तिनं तो पुसला, आयोडीन लावलं आणि संध्याकाळी बैठकीत सांगितलं. मेंढा चार दिवसांत बरा झाला. औषधाचा खर्च म्हणाल तर थोडंसं आयोडीन आणि कापसाचा एक बोळा.

तेव्हा मैत्रिणींनो, हा कार्यक्रम संपला की कोठ्यात जा. शेपटी उचलून पाहा, कान पाहा, लोकरीत हात घाला. आणि काही दिसलं, तर लपवू नका, शेजारणीला हाक मारा.