सुदत्त कोण होता?

(मंडळाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात दिलेले व्याख्यान)



प्रथम ज्यांचा सत्कार झाला त्यांचे मनापासून अभिनंदन. टक्के कोणी फुकट देत नाही. एका खोलीच्या घरात, शेजारचा टीव्ही चालू असताना, पाण्याची वेळ सांभाळून ज्याने अभ्यास केला, त्याला यश क्षणभंगुर असते असा उपदेश करणे मला जमणार नाही. आपल्या माणसांना 'आहे त्यात समाधान माना' असे सांगणारे पूर्वी पुष्कळ होऊन गेले. त्यात माझी भर नको. मला बोलायचे आहे ते यश मिळाल्यानंतर काय, याविषयी.

भगवान बुद्धांच्या काळी श्रावस्तीत सुदत्त नावाचा मोठा श्रेष्ठी होता. या सभागृहात 'सुदत्त कोण होता?' असे विचारले तर थोडेच हात वर होतील. पण 'अनाथपिंडिक कोण?' म्हटले की महिला मंडळातील कोणतीही भगिनी सांगेल, ज्याने जेतवन दिले तो. हे दोघे एकच. सुदत्त हे आईबापांनी ठेवलेले नाव. अनाथांना अन्न देणारा, या अर्थाचे अनाथपिंडिक हे नाव लोकांनी दिले, आणि तेच टिकले. जेत राजकुमाराचे उद्यान विकत घेण्यासाठी त्याने गाड्या भरून सुवर्णनाणी आणून जमिनीवर अंथरली, ही कथा आपण सर्वजण जाणतो. तिची चित्रे, शिल्पे पुष्कळ आहेत. मला मात्र त्याच्या आयुष्यातील नंतरचा भाग अधिक मोलाचा वाटतो. पुढे त्याची संपत्ती ओसरली. दान थांबले नाही, पण आता त्याच्या घरी कण्यांची पेज आणि आंबट कांजी एवढेच देण्यासारखे उरले होते, आणि हे त्याने स्वतः तथागतांना सांगितले. बँकेच्या भाषेत त्याचे खाते रिकामे झाले होते. त्या दिवसांतही लोक त्याला अनाथपिंडिकच म्हणत.

येथे एक शंका निघते. माणसाची किंमत तो दुसऱ्याच्या किती उपयोगी पडतो यावरच ठरवायची का? मग जो आजारी आहे, म्हातारा आहे, ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही, त्याचे काय? विनयपिटकात याला धरून एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग त्यांनी इतर भिक्खूंना विचारले, याची शुश्रूषा का झाली नाही? उत्तर मिळाले, तो भिक्खूंच्या कोणत्याच कामी येत नव्हता. हा हिशेब तथागतांनी मान्य केला नाही. येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार, असे त्यांनी संघाला सुनावले. तेव्हा उपयोगी पडण्याचे ओझे यश मिळालेल्याच्या खांद्यावर आहे. ज्याला मदत हवी आहे त्याने आधी आपली उपयुक्तता सिद्ध करावी, असे धम्म म्हणत नाही.

आता बाबासाहेबांकडे येऊ. पण १९५६ चे बाबासाहेब मी घेत नाही, १९२३ चे घेतो. त्यांचे वय तेव्हा ३२ वर्षांचे. मुंबईची पदवी १९१२ साली, कोलंबियाची एम. ए. १९१५ साली. लंडनला राहून एम. एस्सी., डी. एस्सी. आणि बॅरिस्टरी झाली. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने निघाला. पुढे चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. (रिझर्व्ह बँक त्यांनीच स्थापन केली, असे आपल्या व्यासपीठांवरून हमखास सांगितले जाते. बँकेतला माणूस म्हणून सांगतो, एवढे ताणण्याची गरज नाही. जे झाले तेच पुरेसे मोठे आहे.) १९२३ साली ते तेवढ्यावर थांबले असते तर अर्थशास्त्राच्या ग्रंथालयात त्यांचे नाव राहिले असते. यश म्हणाल तर ते पूर्ण झाले होते.

त्यांनी काय केले? २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि १९२५ साली सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. लंडनचा डी. एस्सी. माणूस, आणि त्याच्या सभेचे पहिल्या कामांपैकी एक काम म्हणजे शाळकरी मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय! महाड आणि काळाराम मंदिर नंतरचे. नंतर १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय. तेथे वर्ग सकाळी भरत, कारण दिवसा नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे. मला या सकाळच्या वर्गांचे फार वाटते. पोस्टात, रेल्वेत, गिरणीत जाणाऱ्या माणसाचे घड्याळ पाहून कोणीतरी महाविद्यालयाचे वेळापत्रक ठरवले. स्वतःचे यश विसरल्याशिवाय अशी बारीक गोष्ट सुचत नाही.

१८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल खेद व्यक्त केला, याचा उल्लेख आपल्या प्रत्येक कार्यक्रमात होतो. गंमत अशी की ऐकणारा प्रत्येक जण मनातल्या मनात शेजाऱ्याकडे बोट करतो.

'आधी मी स्थिरावतो, मग समाजाचे बघू' हेही नेहमी ऐकू येते. फ्लॅटचे हप्ते, मग मुलांची फी, मग निवृत्ती. असे म्हणणाऱ्यांनी नागपूरच्या जाईबाई चौधरींचे चरित्र वाचावे. नागपूर-कामठी भागात डोक्यावर ओझी वाहून पोट भरणारी ही बाई. एका मिशनरी बाईंमुळे शिक्षिकेची नोकरी लागली, आणि जात कळल्यावर लोकांच्या विरोधामुळे तीही गेली. नोकरी गेली तेव्हा त्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी आपल्या मुलींसाठी नागपुरात चोखामेळा कन्याशाळा काढली. त्यांचे बस्तान बसलेले नव्हतेच.

विद्यार्थी मित्रांनो, यावर तुम्ही विचाराल, मग आम्ही नेमके करायचे काय? मी मोठे काही सांगू शकत नाही. माझ्या काउंटरवरून जे दिसते ते सांगतो. शिष्यवृत्ती मंजूर होते आणि पैसे येत नाहीत, अशी मुले दर आठवड्याला येतात. कारणे साधी असतात. शिष्यवृत्तीची रक्कम आधार जोडलेल्या खात्यातच जमा होते, आणि अशी जोडणी एका वेळी एकाच बँकेत असते. मुलाने एका बँकेचे पासबुक महाविद्यालयात दिलेले असते, आणि आधार जोडलेले असते भलत्याच बँकेत, कधीकाळी उघडलेल्या खात्याला. दुसरे, दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय होते. तिसरे, केवायसीचे कागद जुने झालेले असतात. हे तीन प्रश्न सोडवायला पदवी लागत नाही, पण सांगणारा माणूस लागतो. आई धुणीभांडी करते, वडील नाक्यावर उभे राहतात. कामाच्या दिवशी बँकेत यायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. चार खेपा म्हणजे चार दिवसांची. काही मुले तेवढ्यावरून वर्ष सोडतात. अशा वेळी ज्याने फॉर्म पुढे ओढून 'बस इथे, मी भरतो' म्हटले, त्याचे नाव त्या घरात वर्षानुवर्षे निघते.

आज सत्कार झालेल्यांपैकी बरेच जण पुढच्या वर्षी पुण्या-मुंबईला, काही परदेशातही जातील. जरूर जा. वस्तीत राहिला तोच खरा, असे मी मानत नाही. सुदत्त व्यापारासाठी राजगृहाला गेला नसता तर त्याला बुद्ध भेटलेच नसते. फक्त तुमच्या मागच्या वर्गातील मुलाला तुमचा फोन नंबर माहीत असू द्या, आणि त्याचा फोन आला तर उचला.

मंडळाला माझी सूचना आहे की विहारातील अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी दहा ते बारा शिष्यवृत्तीचे अर्ज आणि बँकेची कामे समजावून सांगण्यासाठी एक टेबल ठेवावे. पहिले चार रविवार मी बसतो. महाविद्यालयात जाणारी दोन मुले माझ्या जोडीला हवीत, कारण पोर्टलचे काम माझ्यापेक्षा त्यांना चांगले येते. येताना पासबुक, आधार कार्ड, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला सोबत आणावा. नावे आजच कार्यवाहांकडे द्यावीत.

जय भीम. नमो बुद्धाय.