मनीमाजऱ्यातली मनी आणि पहाटेचे चार
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



बाप्पांसमोर, त्यांच्या उंदीरमामांच्या साक्षीने मांजरावर बोलायचे म्हणजे जरा धाडसच. पण महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या माणसाच्या हातात ऑर्डर पडते, तेव्हा 'मनीमाजरा' हे नाव तो हमखास 'मनीमांजर' असे वाचतो. तेव्हा हा विषय आपल्याला गावानेच नेमून दिला, असे समजा.

आपल्यापैकी काही घरांत मांजर आहे आणि तक्रार सगळ्यांची एकच. पहाटे चारला ते पायाचे बोट चावते, छातीवर येऊन बसते, दाराशी गळा काढते. आयटी पार्कमधून रात्री बाराला घरी येणाऱ्याच्या वाट्याला मग जेमतेम तीन-साडेतीन तास झोप येते. महिनाभर असे चालले की घरातले कुणीतरी म्हणते, "पिशवीत घालून लांब कुठेतरी सोडून या." त्या वाक्यापर्यंत कुणावर वेळ येऊ नये, म्हणून मी हे चार शब्द बोलतो आहे.

आधी मांजराची बाजू. मांजर दिवसाकाठी बारा ते सोळा तास झोपते. त्याची खरी धावपळ पहाटे आणि तिन्हीसांजेला, कारण उंदीर-पाखरे तेव्हाच हालचाल करतात. त्यात आपण राहतो उत्तरेत. जूनमध्ये मुंबईला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, इथे ५.२० ला, आणि त्याच्याही अर्धा तास आधी फटफटते. तेव्हा चार-साडेचारला मांजर जागे होणारच.

जागे होणे हा त्याचा स्वभाव आहे. आपल्याला उठवणे मात्र ते शिकते. फर्स्टर आणि स्किनर या दोन शास्त्रज्ञांनी १९५७ साली प्राण्यांच्या सवयींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून दिसलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. दर वेळी न मिळता अधूनमधून मिळणारे बक्षीस सवयीला फार चिवट करते. म्हणजे चार दिवस कानांवर उशी दाबून पाचव्या दिवशी "घे बाई एकदाचे" म्हणत बशी भरली, की मांजर एवढेच शिकते की जास्त ओरडले म्हणजे मिळते. रागावून केलेली आरडाओरड हीसुद्धा त्याच्या हिशेबात दखलच.

आमच्या घरी काय केले ते सांगतो. रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे मनीला दोरीला बांधलेल्या चिंधीमागे पळवायचे, आणि शेवटी चिंधी तिला पकडू द्यायची. त्यानंतर लगेच दिवसाचे मोठे जेवण. शिकार, जेवण, अंग चाटणे आणि झोप, हा मांजराचा क्रमच आहे. पूर्वेच्या खिडकीला जाड पडदा लावला. सकाळी मी उठल्याबरोबर तिला काही मिळत नाही; अंघोळ, चहा, पेपर झाल्यावरच बशी. त्यामुळे माझे उठणे आणि तिचे खाणे यांचा संबंध तुटला.

जेवणात काय, हेही महत्त्वाचे. आपल्याकडे दूध-पोळी घालायची पद्धत. पण मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही, आणि मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचा घटक त्याला प्राणिज अन्नातूनच मिळतो; तो कमी पडला की डोळे आणि हृदय बिघडते. शाकाहारी घरांनी निदान तयार मांजर-खाद्य तरी आणावे. अर्धपोटी मांजर पहाटे गप्प बसणार नाही.

आता खरी परीक्षा. दुर्लक्ष सुरू केले की पहिले काही दिवस ओरडणे कमी न होता वाढते. आमच्याकडे सहाव्या रात्री कहर झाला. आई म्हणाली, "मुका जीव आहे रे, दे थोडे." मी हात जोडून म्हटले, "आई, आज दिलेस तर सहाही रात्री फुकट." ती थांबली. तिसऱ्या आठवड्यात मनी साडेसहापर्यंत शांत राहू लागली. घरातली सगळी माणसे एकमताची असतील तरच हे जमते.

थंडीत इथे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा मांजराला बाल्कनीत कोंडू नका. खोक्यात जुनी शाल घालून घरातच जागा द्या.

मात्र दहा वर्षांपुढचे मांजर एकाएकी रात्री ओरडू लागले, तर आधी पशुवैद्याला दाखवा. थायरॉइड, रक्तदाब, सांधेदुखी किंवा कमी झालेले ऐकू येणे, यांपैकी काहीही असू शकते. तरुण मांजरी माजावर आली की ओरडते. तिचे ऑपरेशन करून घेणे हाच उपाय.

आणि पिशवीचे काय? पाळलेला जनावर उपाशी-तहानलेला राहील अशा ठिकाणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवू. घरच्या बशीवर वाढलेल्या मांजराला सुखना तलावाकाठच्या झाडीत सोडले, तर कुत्र्यांपुढे ते किती दिवस टिकेल? तीन आठवड्यांची झोपमोड त्यापुढे फार नाही.

गावापासून दीड हजार किलोमीटर दूर येऊन आपणही नव्या वेळा, नवी थंडी, नवे जेवण शिकलोच की. मनीलाही तीन आठवडे द्या.

गणपती बाप्पा मोरया!