फाटकावरचा कुत्रा आणि बुरशीची गोळी



कामगार चळवळीतील माणसाने वसंत व्याख्यानमालेत कुत्र्यांच्या चर्मरोगावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी पशुवैद्य नाही. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु आपल्या मरोळच्या औद्योगिक वसाहतीत ज्याच्यापाशी कुत्रा बसलेला नाही असे फाटक क्वचितच सापडेल. रात्रपाळीचा पहारेकरी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याला घालतो. त्याची राखण सर्वांना हवी असते, मालकी मात्र कोणाचीच नसते.

अशा कुत्र्याचे केस झडू लागले की 'याला लूत लागली, हाकला याला' असा ठराव एकमताने पास होतो. कोणी दयाळू माणूस असतो, तो औषधाच्या दुकानातून बुरशीच्या गोळ्यांची पट्टी आणून भाकरीतून चारू लागतो. एकाच्या मनात राग आहे, दुसऱ्याच्या मनात दया आहे. पण चौकशीशिवाय निकाल दोघेही देतात. कामगाराला चौकशीशिवाय बडतर्फ केले तर आपण संप करू. मुक्या जनावरालाही तोच न्याय लावावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

'लूत' हा शब्द एकच, पण त्याखाली निरनिराळे रोग मोडतात. पहिला रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचा. तीच कुत्र्याची खरूज. दुसरा गजकर्णाच्या बुरशीचा. ही बुरशी केसांवर आणि कातडीच्या वरच्या मृत थरावर जगते. केस तुटतात, गोल चट्टे पडतात. तिसरा मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा. ते निरोगी कुत्र्याच्या अंगावरही असते, पण अॅलर्जीसारखे निमित्त मिळाले की माजते. मग कातडी तेलकट होते आणि उग्र वास सुटतो. बुरशीची गोळी किड्याला मारीत नाही. म्हणून पशुवैद्य कातडी खरवडून आणि केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. काही बुरशी वुडच्या दिव्याखाली हिरवी चमकते. मात्र चमकली नाही म्हणजे बुरशी नाहीच, असे समजू नये. ही विद्या आपल्या शहरात नवी नाही. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचे आहे, आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळही तेथेच आहे.

आता औषधाकडे वळू. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९६०च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले गेले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या नावात पिंपरीचे नाव गुंफले आहे, याचा आपणांस अभिमान वाटावा. परंतु वरून लावण्याच्या औषधाला एक मर्यादा असते. ते केसाच्या मुळात नीट पोहोचत नाही, आणि कुत्रा ते चाटून टाकतो. त्यासाठी आतून जाणारे औषध हवे होते. ग्रिझिओफल्विन हे द्रव्य १९३९ सालीच लंडनमध्ये एका बुरशीतून वेगळे काढले होते. पण ते पोटातून दिल्यास गजकर्ण बरे होते, हे १९५८ साली जेंटल्स या संशोधकाने गिनीपिगांवर दाखविले. मधली जवळजवळ वीस वर्षे त्याची ही योग्यता कोणी ओळखलीच नाही.

हे औषध जुन्या केसाला दुरुस्त करीत नाही. नव्याने घडणाऱ्या केसात ते मिसळते आणि तेथे बुरशीला वाढू देत नाही. नवा केस वर येईल तसतसा रोग बाहेर ढकलला जातो. त्यामुळे उपचार दिवसांचे नसून आठवड्यांचे असतात. आज इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिन ही औषधे अधिक वापरली जातात, पण धीर तेवढाच लागतो. खाज थांबली म्हणून गोळी थांबविणे म्हणजे मागण्या मान्य होण्याआधी संप मागे घेणे. बुरशी गेली याची खात्री पुन्हा तपासणी करूनच होते.

गोळीला दुसरी बाजूही आहे. ग्रिझिओफल्विन गाभण कुत्रीला देत नाहीत, कारण पिलांत व्यंग येते. केटोकोनॅझोलने यकृताला इजा होऊ शकते. माणसांना ते पोटातून देणे थांबवावे, अशी शिफारस युरोपच्या औषध नियामकाने २०१३ साली केली. तेव्हा घरात उरलेली पट्टी अंदाजाने कुत्र्याला चारू नये. मात्रा वजनावर ठरते, आणि ती ठरविणे पशुवैद्याचे काम आहे.

शिवाय कुत्र्याला गोळी दिली आणि त्याचे जुने पोते तसेच ठेवले, तर श्रम वाया जातात. गळालेल्या केसांतील बीजाणू कित्येक महिने जिवंत राहतात. पोते जाळावे, जागा झाडून धुवावी, आणि शेजारची कुत्री-मांजरेही तपासावीत.

कुत्र्याचे गजकर्ण माणसाला, विशेषतः मुलांना लागते, हे खरे. त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. पण प्रत्येक चट्ट्याचा आरोप कुत्र्यावर ठेवू नका. टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या ज्या बुरशीने अलीकडे आपल्या देशात माणसांना हैराण केले आहे, तिला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव मिळाले. ती मुख्यतः माणसाकडून माणसाला लागते. घामाचे कपडे, सामाईक टॉवेल, आणि दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे ही तिची वाहने आहेत. त्यांची झडती न घेता फाटकावरच्या कुत्र्याला हद्दपार केले, तर चट्टा आपल्याच अंगावर राहील आणि फाटक मात्र राखणीवाचून राहील.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. अनेक आठवड्यांचे औषध एकट्या पहारेकऱ्याच्या पगारात बसत नाही, आणि म्हणूनच ते अर्ध्यावर सुटते. ज्या फाटकातून शंभर माणसे जातात, तेथे प्रत्येकाने थोडी वर्गणी काढली तर तपासणी होईल, औषध पुरे होईल, आणि गोळी चारण्याची पाळीही वाटून घेता येईल. ज्याची राखण सर्वांनी घेतली, त्याच्या दुखण्याचा खर्चही सर्वांनी उचलावा.