चुन्याखालचा जमाखर्च



ग्रामीण साहित्याच्या व्यासपीठावर अध्यक्षाने बोलीभाषेच्या संवर्धनाविषयी चार शब्द बोलावेत आणि मातीच्या सुगंधाचा उल्लेख करून आसनस्थ व्हावे, अशी प्रथा आहे. ती प्रथा मोडून, ज्या प्रश्नावाचून ‘ग्रामीण साहित्य’ हा शब्दच मला अपुरा वाटतो, तो आपल्यापुढे भांडण्याच्या तयारीनेच मांडावा असा निश्चय करून मी येथे आलो आहे. खेड्यातील स्त्रीचे दुःख ज्या मराठी लेखकाने इतक्या तन्मयतेने लिहिले, त्याने तिचा धंदा का लिहिला नाही?

माझी आई चैत्र-वैशाखात शेवयांचे यंत्र चालवीत असे. बाजेच्या माच्याला आवळून बसविलेले, हाताने फिरवावयाचे ते लोखंडी यंत्र होते. गावातील बायका पीठ घेऊन पहाटेपासून ओसरीवर बसत, आई पायलीमागे मजुरी घेई, आणि कोणाकडे किती येणे राहिले याची नोंद चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवी : उभी रेघ पायलीची, तिला छेदणारी आडवी रेघ वसुलीची. दसऱ्यापूर्वी घर झाडून सारवून काढले की वडील त्या भिंतीवर चुना फिरवीत. पुढे मी घरच्या जुन्या वह्या चाळल्या, तेव्हा बियाण्याचा, बैलांच्या पत्र्यांचा, सावकाराच्या व्याजाचा खर्च त्यांत पैपैने लिहिलेला आढळला. शेवयांच्या पैशाचा उल्लेख एकाही पानावर नव्हता. आम्हा भावंडांची शाळेची फी मात्र त्याच पैशांतून भरली गेली होती. घरात त्या उत्पन्नाला ‘तेवढाच हातभार’ म्हणत, आणि मीही लेखक झाल्यावर आईविषयी जे लिहिले त्यात तिचे कष्ट आले, तिची माया आली, तिचे डोळे आले; तिचा दर, तिची उधारी आणि तिचा वसूल आला नाही. जो आरोप मी आज आपल्यावर ठेवणार आहे, त्याचा पहिला आरोपी मी आहे.

ही उपेक्षा आमच्या परंपरेला तर मुळीच शोभत नाही. सावता माळ्याने मळा, नरहरी सोनारांनी मूस आणि हातोडी, सेना न्हाव्याने आरसा आणि चिमटा अभंगात आणला. धंद्याची परिभाषा हीच त्या संतांच्या भक्तीची परिभाषा झाली, आणि जनाबाईने तर प्रत्यक्ष विठ्ठलालाच जात्याशी बसविले. जात्यावरच्या ओव्या पुढे आमच्या संग्राहकांनी गावोगाव फिरून टिपल्या, त्यांचे ऋण मी मानतो. तथापि ते जाते घरच्या दाण्यावर फिरत होते की शेजारणीचे दळण मजुरीने दळीत होते, हे फारसे कोणी विचारले नाही. ‘दळण-कांडण करून मुले वाढविली’ हे वाक्य कितीतरी घराण्यांच्या इतिहासात एखाद्या विधवा आजीविषयी आढळते, आणि आम्ही ते करुणरसाचे म्हणून वाचतो. वस्तुतः ते एका व्यवसायाचे वर्णन आहे. त्याला गिऱ्हाईक होते, दर होता, बुडीत होते, आणि जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी घालून घेण्याचा खर्चही होता.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ने 1949 साली ज्या दुष्काळी मुलखाला मराठी साहित्यात कायमचे स्थान मिळवून दिले, त्याच मुलखातली एक हकीकत सांगतो. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे रस्त्याच्या कडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईस पावसाळ्यापूर्वी छपरावर टाकण्यासाठी प्लास्टिकचा कागद घ्यावयाचा होता, त्यासाठी रोजचे थोडे पैसे साठवावयाचे होते, आणि इतक्या क्षुल्लक रकमेचे खाते उघडण्यास बँक तयार नव्हती. चेतना गाला सिन्हा यांनी त्यावरून स्त्रियांचीच सहकारी बँक काढण्याचा घाट घातला. परंतु प्रवर्तक सभासदांत अंगठा उठविणाऱ्या बायका आहेत या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने परवान्याचा अर्ज नामंजूर केला. येथे आमच्या कथेतली नायिका पदराने डोळे टिपून घरी परतली असती. म्हसवडच्या बायका अक्षरे गिरवू लागल्या, काही महिन्यांनी पुन्हा त्याच कचेरीत गेल्या, आणि कोणत्याही रकमेचे व्याज आम्ही यंत्रावाचून तोंडी काढून दाखवितो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही तसेच काढावयास सांगा, असे आव्हान त्यांनी दिले. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ज्यांना निरक्षर ठरविले त्या गणितात कधीच निरक्षर नव्हत्या, ही गोष्ट एका कचेरीला कळावयास इतका खटाटोप करावा लागला; साहित्याच्या कचेरीत हा अर्ज अद्याप दाखलसुद्धा झालेला नाही.

मला ठाऊक आहे की, आता बचत गट झाले, आता बाई उद्योजिका झाली, असे उत्तर सभागृहाच्या पुढच्या रांगांतून येणार आहे. 1992 साली नाबार्डने 500 गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला, त्याचा विस्तार आज गावोगाव दिसतो, आणि त्याचे मोल मी कमी लेखीत नाही. पण गौरवाच्या प्रत्येक भाषणात एकच वाक्य असते : बायका हप्ता बुडवीत नाहीत. मग जी कधीच हप्ता बुडवीत नाही, तिला मिरची कांडपाच्या दुसऱ्या यंत्रासाठी, शेळ्यांच्या पक्क्या गोठ्यासाठी, गटाच्या लहान कर्जाबाहेरची रक्कम स्वतःच्या नावावर मागताच ‘यजमानांना घेऊन या’ असे का सांगण्यात येते? तारण नाही म्हणून. आणि तारण का नाही, याचे उत्तर बँकेत सापडत नाही, ते आपल्या घरातल्या दप्तरात आहे.

हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. गावात त्याच सुमारास हक्कसोडपत्राचा कागद अधिकच कामाचा झाला. बहिणीला माहेरी बोलवावे, गोडाचे जेवण घालावे, साडीचोळी करावी, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही घ्यावी; सही न देणारीचे माहेर तुटते, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. सासरच्या सातबाऱ्यावर नवरा, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर सासरा, आणि माहेरच्या फेरफारात तिचे नाव कमी झाल्याची नोंद : अशा रीतीने तिन्ही दस्तऐवजांतून पुसून काढलेल्या स्त्रीला तारण नाही म्हणून परत पाठविणे, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो? शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला स्त्रियांचे अधिवेशन भरविले, पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि कित्येक साध्या शेतकऱ्यांनी कोणताही कायदा मागे लागलेला नसताना पत्नीच्या नावे जमीन करून दिली. त्या शेतकऱ्यांतील फारच थोडे कथालेखक असतील. या मंडपात बसलेल्या लेखकांपैकी ज्यांनी बहिणीचे हक्कसोडपत्र घेतलेले नाही, त्यांनी हात वर करावेत. मी थांबतो.

हिशेब म्हणजे वाङ्मय नव्हे, असे माझे समीक्षक मित्र म्हणतील. त्यांना मी वैशाखातल्या एका अंगणात घेऊन जाऊ इच्छितो. गव्हाचा चीक शिजवून पहाटे घातलेल्या कुरडया अजून ओल्या आहेत, गहू उधारीने आणलेला आहे, लग्नाच्या रुखवताची मागणी परवाच पुरी करावयाची आहे, आणि पश्चिमेकडे वळवाचा ढग उठला आहे. ती बाई आभाळाकडे पाहते आणि आत्ता उचलल्या तर किती मोडतील, ठेवल्या तर किती भिजतील, मोडलेल्यांचा चुरा कोणत्या भावाने जाईल, दुकानदार आणखी आठवडाभर थांबेल काय, याचा हिशेब क्षणार्धात मांडते. तिचे सर्व भांडवल त्या बाजेवर पसरलेले असते. यात नाट्य नाही असे ज्यास वाटते, त्याने नाट्याची व्याख्या पुन्हा तपासावी.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. या संमेलनाच्या दोन दिवसांच्या जेवणाचा मक्ता याच गावातील एका बचत गटाकडे आहे, हे मला सकाळी पंगतीत वाढणाऱ्या भगिनींकडून कळले. डाळ-तांदूळ आणि तेल त्यांनी उधारीने आणले आहे, आणि आपली रक्कम संमेलनाचा हिशेब लागल्यानंतर मिळेल असे त्यांना सांगण्यात आले आहे. संमेलनांचे हिशेब कधी लागतात हे मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे. म्हणून अध्यक्ष या नात्याने मी कार्यवाहांस विनंती करतो की, उद्याच्या समारोपापूर्वी ती संपूर्ण रक्कम गटाच्या खात्यावर जमा करून पावतीची नक्कल या मेजावर आणून ठेवावी. ती येईपर्यंत माझ्या मानधनाचे पाकीट मी स्वीकारणार नाही, आणि समारोपास उभाही राहणार नाही.