पऱ्हाटी, प्लास्टिक आणि मधला एजंट



भंडारा धानाचा जिल्हा. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले आपण इथे थोडेच. कापूस विकला की आपण पऱ्हाटी उपटतो, थोडी चुलीत घालतो, बाकीची धुऱ्यावर पेटवतो. हेक्टरी दोन-तीन टन माल धूर होऊन जातो. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून मुंबईत माटुंग्याला आहे. तिच्या नागपूर केंद्राने पऱ्हाटीच्या चुऱ्याचा पार्टिकल बोर्ड करून दाखवला. तिथला चिकट रस पाण्यात कालवलेला, म्हणून काडीला धरतो.

प्लास्टिकचं तसं नाही. आपण भिंत लिंपताना मातीत कुटार घालतो. दोघंही पाणी ओढणारे, म्हणून गाठ बसते. पऱ्हाटी, अंबाडी, धानाचं तूस, सारे त्याच जातीचे. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे खुर्च्या-बादल्यांचं प्लास्टिक, पाण्याला दूर लोटतं. दोन्ही नुसते कालवले तर वरून एकजीव दिसतात. ताण पडला की म्यानातून तलवार निघावी तसा धागा सुटून येतो. त्या फटीत पाणी शिरतं, धागा फुगतो, फळी बिघडते.

म्हणून मध्ये कपलिंग एजंट घालतात. एजंट म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, पण हा काम करून देणारा आहे. पॉलिप्रॉपिलीनच्याच साखळीवर मॅलेइक ॲनहायड्राइड नावाचं रसायन चढवलेलं असतं. रसायन धाग्यातल्या सेल्युलोजला धरतं, साखळी वितळलेल्या प्लास्टिकात गुंतते. शंभर किलो मालात दोन-चार किलो पुरतं. फळीची ताण सोसण्याची ताकद वाढते, पाणी पिणं कमी होतं.

आपल्या हाती काय? माल कोरडा ठेवणं. ओला धागा यंत्रात गेला की वाफेचे फुगे धरतात. हे प्लास्टिक १६० अंशांच्या पुढे वितळतं आणि २०० च्या वर धागा करपू लागतो; मधली जागा थोडीच. मातीची मुळं छाटावी. वेचा संपताच पऱ्हाटी काढावी. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडते, ते काम तसंही करायचंच आहे.

उद्या कोणी कारखानदार म्हणेल, तुमचा धागा कमजोर, भाव कमी घ्या. तेव्हा विचारायचं: वाळवून घेतला होता का? एजंट किती घातला? आणि सरपणाच्या भावात फळीचा माल मागत असेल, तर उपटणी, बांधणी आणि गाडीभाडं कोणाच्या डोक्यावर, हे कागदावर आल्याशिवाय आपण गाडी भरायची नाही.