ब्रेक दाबताच मोटार एका बाजूस का ओढते?

(भाषणाचा मजकूर)



लोधीखेडा, सौंसर आणि पांढुर्णा हा संत्र्यांचा मुलूख. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. तथापि येथील व्यवहार पूर्वीप्रमाणेच एकीकडे छिंदवाड्याशी व दुसरीकडे सावनेर-नागपूरशी जोडलेला आहे. बाजार, दवाखाना, शाळा आणि कचेरी यांसाठी मोटार व जीप आज गावोगावी दिसतात. छिंदवाड्याहून सौंसरकडे येताना सिल्लेवानी घाट उतरावा लागतो. अशा उतारावर ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे ओढली गेली तर ती समोरून येणाऱ्या वाहनाच्या मार्गात शिरते. डावीकडे गेली तर कडेने चालणाऱ्या माणसांवर जाते. स्टेअरिंग उलट दिशेस धरून गाडी सरळ ठेवण्याची सवय अनेक चालक लावून घेतात. परंतु अकस्मात जोराचा ब्रेक दाबण्याची वेळ आली म्हणजे ही सवय कामी येत नाही.

या दोषाचे मूळ बैलगाडीच्या उदाहरणाने सहज कळेल. जोडीतील एक बैल थबकला आणि दुसरा चालत राहिला, तर गाडी थबकलेल्या बैलाच्या बाजूस वळते. मोटारीचेही तसेच. ज्या बाजूचे चाक अधिक अडते, त्या बाजूस ती वळते. म्हणून गाडी उजवीकडे ओढत असेल, तर उजवा ब्रेक प्रमाणाबाहेर धरत असेल, किंवा डावा ब्रेक पुरेसा धरत नसेल. पुष्कळदा उजवे चाक निर्दोष असते व दोष डाव्या चाकात असतो. हे ध्यानात न घेतल्यास चांगल्या चाकाची दुरुस्ती होते, पैसा खर्च होतो आणि धोका जसाच्या तसा राहतो.

यास्तव तपासणी क्रमाने करावी. प्रथम टायर थंड असताना चारही चाकांतील हवा मोजावी आणि पुढील दोन्ही टायर सारखेच झिजले आहेत काय, हे पाहावे. कमी हवेचे चाक गाडीला आपल्याकडे ओढते. त्यानंतर सपाट, कोरड्या व मोकळ्या रस्त्यावर मंद वेगाने गाडी चालवावी. ब्रेक न दाबताही ती एका बाजूस जात असेल, तर टायर, चाकांचे अलाइनमेंट किंवा सतत अडकून राहिलेला ब्रेक यांचा संशय घ्यावा. रस्त्यास कडेकडे दिलेला उतारही गाडीस किंचित डावीकडे नेतो, हे विसरू नये. केवळ ब्रेक दाबल्यावरच ओढ जाणवत असेल, तर ब्रेक व पुढील चाकांचे सांधे तपासावेत.

काही अंतर चालवून गाडी थांबवावी आणि पुढील दोन्ही चाकांजवळ तळहात नेऊन उष्णतेची तुलना करावी. धातूस हात लावू नये, पोळण्याचा संभव असतो. गाडी उजवीकडे ओढते आणि डावे चाक थंड आहे, तर डावा ब्रेक काम करीत नाही. उजवे चाक फार तापले असेल आणि ब्रेक सोडल्यावरही अडत असेल, तर उजवा ब्रेक सुटत नाही.

पुढील काम जाणत्या मेकॅनिकचे आहे. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकतो किंवा त्याच्या सरकत्या पिना कोरड्या पडतात. ड्रम ब्रेकमध्ये दोन बाजूंचे अॅडजस्टमेंट कमी-अधिक असते किंवा व्हील सिलिंडर गळून लायनर तेलकट होतात. तेल मुरलेले लायनर पुसून वापरू नयेत. गळती बंद करून ते बदलावेत. रबरी होज पाईप बाहेरून धड दिसला तरी आतून फुगून बंद होऊ शकतो. अडकलेल्या चाकाचा ब्लीडर निपल सैल करताच चाक मोकळे झाले, तर अडथळा बहुधा पाईपात असतो. मोकळे न झाल्यास पिस्टन किंवा पिना पाहाव्यात. त्यानंतर ब्रेकमधील हवा काढणे अनिवार्य आहे. ब्रेक निर्दोष आढळल्यास बुश, बॉल जॉइंट व टाय रॉड एंड हलवून पाहावेत. ते सैल असले म्हणजे ब्रेकच्या जोराने चाकाची दिशा बदलते.

दोन सूचना विशेष महत्त्वाच्या आहेत. लायनर किंवा पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे जोडीने बदलावेत. तसेच ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे आतील भाग गंजतात आणि घाटात तापल्यावर ऑईल लवकर उकळून ब्रेक निकामी होऊ शकतो. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ते बदलावे. जुन्या लायनरच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असू शकते. ती हवेच्या झोताने उडवू नये.

भाडोत्री वाहनास ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र प्रथम १५ वर्षांसाठी होते. त्या काळात तिचे ब्रेक पाहण्याची जबाबदारी मुख्यत्वे मालकावरच असते. शाळेत मुले पोचविणाऱ्या गाडीबाबत शिक्षकांनी व पालकांनी चालकास एवढे तरी विचारावे, की ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबते काय? उत्तर नकारार्थी असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीत मुलांना बसवू नये.